दस्तुरीच्या पलीकडची रपेट

नेरळहून निघालेला मोटाररस्ता वळणावळणांनी डोंगर चढत दस्तुरी नाक्यापाशी येतो आणि पुढे चांगली रुंद वाट दिसत असताही तेथेच संपतो. इतरत्र रस्ता संपला तर त्याचे कारण भूगोलात सापडते. दरी आडवी येते, कडा उभा राहतो, नदीवर पूल नसतो. येथे तो केवळ हुकुमाने संपलेला आहे. नगरपरिषदेचा कर भरावा, मोटार वाहनतळावर सोडावी, आणि अडीच-तीन किलोमीटरांवरील माथेरानच्या बाजारपेठेकडे पायी, घोड्यावर, माणसाने ओढलेल्या रिक्षेत किंवा अमन लॉजपासून सुटणाऱ्या चिमुकल्या गाडीत बसून जावे, असा येथला पूर्वापार दंडक आहे. अलीकडे त्यांत मोजक्या ई-रिक्षांची भर पडली आहे. रुग्णवाहिकेसारखे अपरिहार्य वाहन वगळता पेट्रोलवर चालणारे चाक या नाक्यापलीकडे जाऊ शकत नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि त्याचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला, तेव्हा या जुन्या दंडकाला कायद्याचे भक्कम अधिष्ठान मिळाले. परंतु तत्पूर्वीही कित्येक पिढ्या हा डोंगर टापांच्याच आवाजावर नांदत आलेला आहे.

या एका कारणासाठी, घोड्यावरून फेरफटका मारण्याची हौस असलेल्या मराठी प्रवाशाने ती माथेरानातच पुरवून घ्यावी, असे माझे मत आहे. घोडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी आहेत, पाचगणीच्या टेबललँडवर आहेत, आणि समुद्रकिनाऱ्यांवरही झूल पांघरून, कपाळाला रंगीत तुरे बांधून ते उभे असतात. त्या ठिकाणी मनुष्य घोड्यावर बसतो, छायाचित्र काढून घेतो, एक वर्तुळ पुरे करतो आणि जेथून निघाला तेथेच उतरतो. घोडा तेथे करमणुकीचे साहित्य झालेला आहे. माथेरानात तो अद्यापि दळणवळणाचे साधन आहे. ज्या वाटेने एक घोडा पर्यटकाला लुईझा पॉइंटला नेतो त्याच वाटेने दुसरा गॅसची नळकांडी नेतो, तिसऱ्याच्या पाठीवर विटा असतात, चौथा भाजीच्या करंड्या वाहत असतो. ज्या प्राण्याला खरोखरीचे काम आहे त्याच्या पाठीवर बसण्यात जी प्रतिष्ठा आहे ती खेळण्यावर बसण्यात कोठून असणार?

नाक्यावर उतरताक्षणीच घोडेवाल्यांचा गराडा पडतो, हे मात्र आधीच सांगून ठेवलेले बरे. कोणी म्हणतो पाच पॉइंट, कोणी म्हणतो सात; कोणी आपला घोडा शर्यतीतला असल्याची ग्वाही देतो, तर कोणी तो इतका गरीब आहे की लेकरू बसवा, म्हणतो; आणि हे दोन्ही दावे पुष्कळदा एकाच घोड्याविषयी असतात. दरपत्रकाचा फलक तेथे आहे. तो वाचण्याइतके स्वास्थ्य त्या गलबल्यात ज्याच्या अंगी टिकते त्याला भाव ठरवणे जड जात नाही. माथेरानात परवानाधारक घोडे साडेचारशेच्या घरात आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक आहे. जत्रेत दिसणाऱ्या या गर्दीच्या पाठीशी अशी रीतसर दप्तरी शिस्त आहे, हे प्रथम ध्यानात येत नाही.

ज्याच्याशी माझा करार ठरला तो गृहस्थ पन्नाशीच्या पुढचा, अंगाने काटक, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि बोलण्यात घाटाखालच्या कर्जत तालुक्याचा हेल. त्याच्या वडिलांचाही हाच व्यवसाय, आजोबांचाही. मी त्याला मामा म्हणू लागलो, तो मला साहेब म्हणत राहिला. घोड्याचे नाव बादल. परंतु रंगाने तो कुमेद, म्हणजे तांबूस तपकिरी अंगाचा आणि काळ्या आयाळीचा. नावातले मेघवर्णत्व कोठून आले, असे विचारता मामांनी सांगितले की आधीचा घोडा सबजा होता, तो गेला, नाव चालू राहिले. संस्थानिकांच्या घराण्यांतून दत्तक वारसांना पूर्वजांची नावे देण्याची जी रूढी होती तिची आठवण मला झाली. परंतु ती मी मनातच ठेवली.

मामांनी प्रथम खोगीर हलवून पाहिले, पोटाखालचा तंग दोन बोटे मावतील इतका आवळला आणि रिकिबीची उंची माझ्या हाताशी मापली: बोटे खोगिराला टेकवून हात सरळ धरला असता रिकीब काखेत यावी, हे त्यांचे प्रमाण. घोड्यावर डावीकडून चढावे, ही जगभरची रीत. ती तलवारीच्या काळातली, असे म्हणतात. डाव्या कमरेला लटकणारी तलवार उजवीकडून चढताना पायांत येई. तलवार गेली, रीत राहिली. "साहेब, टाच खाली, चवडा वर," मामा म्हणाले. "चढ आला की पुढं वाका, उतार आला की मागं रेला. लगाम ओढून धरायचा नाही आन् सोडून पण द्यायचा नाही. बाकी त्याला ठाऊक आहे."

या शेवटल्या वाक्यात माथेरानच्या घोडसहलीचे सगळे मर्म आहे, असे मला पुढील दोन-अडीच तासांत उमगत गेले. वर बसलेला मनुष्य स्वतःस स्वार समजत असला, लगाम त्याच्या हाती असला, आणि पुढे छायाचित्रात तोच काय तो दिसणार असला, तरी वाट घोड्याला ठाऊक असते आणि घोडा मामांना ठाऊक असतो. शिवकालीन लष्करात शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई आणि बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. त्या हिशेबाने पर्यटक हा तासाभराचा बारगीर ठरतो, आणि कासरा धरून पायी चालणारा तो खरा शिलेदार. सभासदाच्या बखरीत या पागेची जी व्यवस्था वर्णिली आहे तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार नेमलेला आहे, आणि त्याच पंचवीस घोड्यांसाठी एक पखालजी व एक नालबंद हेही दिलेले आहेत. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा यांची गणना करताना ज्या राज्याने हयगय केली नाही त्या राज्याला घोडा म्हणजे काय हे पुरते कळले होते, यात संशय नाही.

बाजारपेठ मागे टाकून आम्ही शार्लोट तलावाच्या रोखाने निघालो. जांभूळ, हिरडा, अंजन यांच्या गर्द छायेतून जाणारी ही वाट जांभ्या दगडाच्या तांबड्या भुकटीने मढलेली आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर जांभ्याचे हे टोपण बसलेले असल्यामुळेच माथेरानची धूळ तांबडी आणि दऱ्यांचे कडे काळे. घोड्याची साधी चाल चार ठोक्यांची; प्रत्येक पाय स्वतंत्र पडतो, आणि बसणाऱ्याची कंबर त्या चालीबरोबर आपोआप डोलू लागते. येथवर सर्वांना आपण जन्मजात अश्वारोही असल्याचा भास होतो. मग मामा जिभेने एक बारीक टिचका वाजवतात आणि घोडा दुडकी धरतो. दुडकीत पुढचा एक आणि मागचा विरुद्ध बाजूचा एक अशी पायांची जोडी एकाच वेळी उचलली जाते. चार ठोक्यांचे दोन होतात, दर ठोक्याला घोड्याची पाठ वर येते आणि त्याच क्षणी आपली खाली जात असते. या मुलाखतीचे वर्णन करण्याचे कारण नाही. ठेक्याबरोबर रिकिबीवर किंचित उठावे आणि बसावे, हा त्यावरचा उपाय मामांनी धावता धावता शिकवला. पन्नाशीतला हा मनुष्य घोड्याच्या बरोबरीने धावत होता आणि बोलताना त्याला धाप लागत नव्हती, याचे मला त्या अवस्थेतही आश्चर्य वाटले.

तलावाच्या अलीकडे चढ-उतारांची एक मालिका लागते. घोड्याच्या शरीराचा अर्ध्याहून अधिक भार एरवीच त्याच्या पुढच्या पायांवर असतो. उतारावर स्वार पुढे झुकला तर त्याचेही ओझे त्यांच्यावरच पडते आणि ठेच लागली तर सावरायला जागा उरत नाही. मागे रेलण्याचा उपदेश स्वाराच्या भीतीसाठी नसून घोड्याच्या गुडघ्यांसाठी असतो. बादल प्रत्येक दगडापाशी क्षणभर थबके, नाक खाली नेई, आणि मग पाय टाकी, तो थबकला की मी लगामाशी काही तरी करण्याची तयारी करी, आणि मामा मागे न पाहताच म्हणत, "राहू द्या, बघतोय तो."

एकदा मात्र तो बिचकला. माकडांच्या टोळ्या दोन्ही बाजूंनी उड्या मारीत असताना ज्याने कान हलवला नव्हता तो घोडा, मागून येणाऱ्या एका बाईंनी रंगीत छत्री फाट्कन उघडताच एकदम बाजूला सरला. घोड्याचे डोळे मस्तकाच्या दोन्ही अंगांस असतात, त्यामुळे जवळजवळ साऱ्या भोवतालावर त्याची नजर असते. नाकासमोरची एक अरुंद पट्टी आणि शेपटीमागची जागा एवढीच त्याच्या दृष्टीबाहेर राहते, आणि नेमकी तेथेच ती छत्री उघडली होती. ज्याचे पूर्वज गवताळ मैदानांत लांडग्यांना भीत पळाले त्याने अदृष्ट जागेतून आलेल्या फडफडीकडे दुर्लक्ष करावे, ही अपेक्षाच अवाजवी. मामांनी कासरा आवळला नाही. मानेवर तळहात ठेवला आणि त्याच्याशी काही तरी पुटपुटले. बाईंना त्यांनी जे सांगितले ते मात्र पुटपुटून सांगितले नाही.

शार्लोट तलाव हे गावाच्या पिण्याच्या पाण्याचे साधन. काठाशी पिसारनाथाचे देऊळ आहे. हे ग्रामदैवत येथल्या शार्लोट, लुईझा, अलेक्झांडर या नावांपेक्षा कितीतरी जुने. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौक गावाच्या बाजूने डोंगर चढून वर आला आणि त्याने माथेरानचा शोध लावला, असे सर्व प्रवासपुस्तकांतून छापलेले असते. धनगर, ठाकूर आणि कातकरी यांची वस्ती या डोंगरात त्यापूर्वीच होती, आणि त्यांनी साहेबाला वाट दाखवली नसती तर शोध कोणाला लागला असता हे सांगता येत नाही. पुढे गव्हर्नर लॉर्ड एलफिन्स्टन आले, बंगले उठले, पारशी आणि बोहरी धनिकांनी हवा खाण्यासाठी वाड्या बांधल्या, आणि नेरळपासून वर येण्यासाठी तट्टे, मेणे व डोल्या यांचा धंदा उभा राहिला. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने दोन फूट रुंदीचा लोहमार्ग डोंगरावर चढवला तेव्हा हा धंदा बुडायला हवा होता. तो बुडाला नाही. गाडी स्टेशनापर्यंतच जाई, आणि स्टेशनापुढचा सगळा डोंगर टापांसाठी मोकळा राहिला. ऑलिम्पिया नावाचे शर्यतीचे मैदान आजही तेथे आहे.

लुईझा पॉइंटला उतरलो तेव्हा समोर प्रबळगडाचा प्रचंड ठोकळा दरीतून उभा ठाकलेला होता. तो देखावा सर्वांनी वर्णिलेला असल्यामुळे मी वर्णीत नाही. माझे लक्ष झाडाखाली बांधलेल्या घोड्यांकडे अधिक होते. स्वार कड्याशी उभे राहून एकमेकांची छायाचित्रे घेत होते आणि इकडे घोडेवाल्यांची पंचायत भरलेली होती. तीत जो विषय चालला होता तो चंदी-वैरणीचा.

घोड्याला खायला किती लागते, हे पाठीवर बसणाऱ्याला कोणी सांगत नाही. हरभरा, भुसा, ज्वारीचा कडबा, सुके गवत, हे सर्व घाटाखालून विकत आणावे लागते, आणि दस्तुरीच्या पुढे मोटार येत नसल्यामुळे घोड्याचा चारा घोड्याच्याच पाठीवरून वर चढतो. घोड्याला ओकारी होत नाही. वाईट वैरण पोटात गेली तर पोटशूळ उठतो आणि जनावर हातचे जाते, म्हणून स्वस्त माल घेण्याचीही सोय नाही. दर दीड-दोन महिन्यांनी खूर तासून नाल बदलावे लागतात. घोडा आजारी असो, गिऱ्हाईक असो वा नसो, तोबरा रोज दोन वेळा भरावाच लागतो. पावसाळ्यात तर सगळाच व्यवहार थंडावतो. डोंगर धुक्यात बुडतो, वाटा निसरड्या होतात, पर्यटक तुरळक. २०२० सालच्या टाळेबंदीत हे असे महिनेच्या महिने गेले, आणि त्या दिवसांत माणसांच्या शिध्याइतकीच घोड्यांच्या वैरणीची चिंता गावाला पडली होती.

पावसाळ्यातील या चिंतेचा महाराष्ट्रातील सर्वांत सुंदर कागद साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आहे. चिपळूणजवळ दलवटण्यास घोडदळाची छावणी असताना, शिवाजी महाराजांनी तेथील जुमलेदारांना जे पत्र धाडले त्यात लढाईविषयी अक्षर नाही. पागेसाठी साठवलेले दाणे आणि गवत आताच उधळले तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि त्यांचा दोष तुमच्यावर येईल. मग तुम्ही कुणब्यांकडे हात पसराल, आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील. रात्री दिवा जळता ठेवू नका, पेटती वात उंदीर पळवील आणि गवताच्या गंजी भस्म होतील, असा त्याचा आशय आहे. एका राज्यकर्त्याचे लक्ष उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत पोहोचलेले पाहून मन थक्क होते. लुईझा पॉइंटवरील त्या मंडळींना मी हे पत्र सांगितले. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग दाण्याची सोय सरकारातून व्हायची म्हणा की!" इतिहासाच्या अभ्यासकांनी या पत्रावर पुष्कळ लिहिले आहे, हा अन्वय मात्र माझ्या वाचनात नव्हता.

परतीच्या वाटेवर मुख्य रस्त्याला लागताच बादलची चाल पालटली. मातीवर जो टप्पोरा, दबका आवाज येत होता त्याच्या जागी लोखंडाचा खणखणाट आला, आणि घोडा पावले आखडून टाकू लागला. खाली पेव्हर ब्लॉक होते. गेल्या काही वर्षांत माथेरानात जे वितंडवाद झाले, न्यायालयाच्या ज्या फेऱ्या झाल्या, त्यांचे मूळ या ठोकळ्यांत आणि त्यांवरून धावणाऱ्या ई-रिक्षांत आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षांना पर्याय म्हणून प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना मुभा दिली. घोडेवाल्यांचे म्हणणे असे की चाक एकदा दस्तुरीच्या आत शिरले की त्याला थांबवता येणार नाही, आणि गुळगुळीत ठोकळ्यांवर नाल घसरून घोडे पडतात. नालाची कड मातीत रुतते, ठोकळ्यात रुतत नाही. यात त्यांचा पोटाचा स्वार्थ उघड आहे. परंतु स्वार्थ उघड असल्याने म्हणणे खोटे ठरत नाही. माझ्या मांडीखालचे जनावर त्या क्षणी तीच साक्ष देत होते.

दुसरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. माणसाने माणसाला बसवून चढावर रिक्षा ओढावी, हे दृश्य पाहून ज्याची मान खाली जात नाही त्याच्याशी वाद करण्यात अर्थ नाही. शाळेला जाणाऱ्या मुलांनी, वृद्धांनी, गर्भवती स्त्रियांनी रोजच्या रोज घोड्याचे भाडे कोठून द्यावे? शिवाय उन्हाळ्यात तांबड्या धुळीत मिसळलेली लीद नाकातोंडात जाते, ही गावकऱ्यांची तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा मानवी प्रतिष्ठेला काळिमा असल्याचे ठरवून सहा महिन्यांत ती बंद करण्याचा आदेश दिला. त्याच वेळी दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकना मान्यता देऊन, आतील पॉइंटांकडे जाणाऱ्या वाटांवर ते घालू नयेत, असे सांगितले. ही वाटणी मला समंजस वाटते. तिच्यामुळे एक धोका मात्र उभा राहतो, आणि तो कोणत्याही निकालपत्रात लिहिला जाणे शक्य नव्हते. मुख्य रस्त्यावरील ये-जा चाकांकडे गेली, आणि घोड्याकडे पॉइंट दाखवण्याचे तेवढे उरले, तर माथेरानचा घोडाही हळूहळू वेण्णा तलावाकाठच्या घोड्यासारखा होईल. काम जाईल, तुरे येतील. घोड्याला वाहतुकीचा वाटा राहील अशी योजना नगरपरिषदेने आणि घोडेवाल्यांनी मिळून करायला हवी, आणि ती सामानाच्या वाहतुकीपासून सुरू करता येईल. मामांचे मत विचारले. त्यांचा थोरला मुलगा ई-रिक्षेसाठी अर्ज करू पाहत होता. परंतु ती हातरिक्षावाल्यांनाच मिळते, असे कळल्यावर तो पुन्हा घोड्याकडे वळला. "त्याला आवड नाही, पण हात चांगला आहे," एवढेच ते म्हणाले.

ज्यांना या रपेटीस जावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहून ठेवतो. घोडा निवडताना त्याच्या उंचीकडे किंवा नावाकडे न पाहता, खोगीर उचलायला लावून पाठ पाहावी. जखम असेल, बरगड्या मोजता येत असतील, अथवा एक पाय टेकवताना तो चुकारपणा करीत असेल, तर दुसरा घोडा मागावा आणि तसे मागण्याचे कारण मोठ्याने सांगावे. घोड्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक ओझे वाहू नये असा जाणत्यांचा दंडक आहे, आणि येथले घोडे लहान चणीचे आहेत. तेव्हा भारदस्त मंडळींनी शार्लोट तलावापर्यंतची ती सुंदर वाट पायीच चालावी. ऐन मे महिन्यातील आणि दिवाळीच्या सुटीतील शनिवार-रविवार टाळावेत. त्या दिवसांत फेऱ्या इतक्या लागतात की घोड्याला तोबरा लावायलाही सवड मिळत नाही, आणि मामांसारखा मनुष्यही तुमच्याशी धड बोलत नाही. भरधाव पळवण्याचा आग्रह धरू नये. भाडे फलकावरच्या दराने द्यावे, आणि उतरल्यावर मोकळ्या हाताने चंदीसाठी वेगळे काही द्यायचे असेल तर ते घोडेवाल्याच्या मुलाच्या हाती देऊ नये, घोडेवाल्याच्याच हाती द्यावे. ही शेवटली सूचना खुद्द मामांची आहे.